द्युसारिस्तोतोकेइया: थेटिसचा एकटीचा शब्द

होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यात, १८व्या सर्गात, जिवलग मित्र पात्रोक्लस युद्धात मारला गेल्याचं कळल्यावर ग्रीकांचा महावीर अकिलीस जो हंबरडा फोडतो तो खोल समुद्रात बसलेल्या त्याच्या आईला, थेटिस या समुद्रदेवतेला ऐकू जातो, सगळ्या बहिणी तिच्याभोवती जमतात आणि ५४व्या ओळीत ती स्वतःला एक नाव देते जे होमरमध्ये पुन्हा कुठेच येत नाही: द्युसारिस्तोतोकेइया. बोलताना जीभ अडखळते खरी, पण शब्द फोडून बघा, बरीच ओळखीची माणसं भेटतील.

सुरुवातीचा द्युस म्हणजे दुर्दैव, दुष्काळ यातला आपला दुस् किंवा दुर्, दोघं एकाच इंडो-युरोपीय मुळातले. फारसीतून आपल्याकडे आलेल्या दुश्मनमधला दुश् पण त्यांचाच भाऊ. मग आरिस्तोस, म्हणजे सगळ्यात उत्तम, आणि त्यातला इस्तोस म्हणजे ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ यातला आपला इष्ठ. शेवटी तोकोस, म्हणजे बाळंतपण. हा तर आजही लेबर रूममध्ये आहे, कळा वाढवायला देतात त्या ऑक्सिटोसिनचा अर्थच झटपट प्रसूती, आणि बाई अडली की डॉक्टर डिस्टोशिया म्हणतात त्यात तर द्युस आणि तोकोस दोन्ही आलेत.

आता जोडून वाचा: सगळ्यात उत्तम मुलाला जन्म दिला हेच जिचं दुर्दैव, अशी आई. मुलगा वाया गेला म्हणून रडणाऱ्या आया सगळीकडे असतात, पण इथे तो उत्तम आहे म्हणूनच मरणार आहे. ट्रॉयला लढलास तर अमर कीर्ती पण परत येणं नाही, घरी गेलास तर कीर्ती नाही पण दीर्घ आयुष्य, हे त्याला तिनेच सांगितलेलं. आणि ती हे बोलते तेव्हा तो जिवंत आहे! बागेतल्या रोपासारखं वाढवलं, युद्धाला पाठवलं, आता तो घरी परतलेला मला दिसणार नाही, असं ती म्हणते.

शहीद जवानाच्या आईला आपण वीरमाता म्हणतो, त्यात अभिमान आहे पण दुःख ऐकणाऱ्याने ओळखून घ्यायचं. थेटिसच्या शब्दात दुःख आधी येतं, मग मुलाचं मोठेपण, मग तिचं आईपण. पात्रोक्लसला मारणाऱ्या ट्रॉयच्या हेक्टरला मारलंस की पाठोपाठ तुझं मरण ठरलेलंय, हे ती अकिलीसला तोंडावर सांगते, आणि लगेच देवांचा लोहार हेफाइस्टोस याच्याकडे जाऊन मुलासाठी नवं चिलखत मागते.