कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान

भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. ते गुजरातमध्ये, कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगत, ओखा ते जोडिया या पट्ट्यात पसरले आहे. 1980 मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले आणि 1982 मध्ये त्यातील सुमारे 163 चौरस किलोमीटर गाभ्याच्या क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यान आणि अभयारण्य मिळून 42 बेटे येतात. त्यांपैकी पिरोटन सर्वांत परिचित. कारभार गुजरात वनविभागाकडे असून मुख्यालय जामनगरला आहे.

प्रवाळ पाहायचे म्हणजे पाण्याखाली बुडी मारायची, असा सर्वसाधारण समज आहे. येथे ते पायी चालत पाहता येतात. आखात आत निमुळते होत गेल्याने भरतीचे पाणी त्यात कोंडून उंच चढते. पूर्वेच्या टोकाला नवलखीजवळ भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवसांत सात मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला खडकाळ पठारे उघडी पडतात आणि खळग्यांत साचलेल्या पाण्यात समुद्राचे जग उरते.

या खळग्यांत मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, समुद्रफुले, तारामासे, समुद्रकाकड्या आणि खेकडे दिसतात. पाठीवर रंगीत झालर मिरवणाऱ्या, शंख नसलेल्या समुद्री गोगलगायीही आढळतात. ऑक्टोपस मात्र समोर असूनही नजरेला चुकतो, कारण दगडाचा रंग तो क्षणार्धात अंगावर घेतो. भारतातील सर्वांत उत्तरेकडचे हे प्रवाळ गढूळ पाणी, जास्त क्षार आणि ओहोटीतले कडक ऊन सोसून तग धरतात. त्यांचा हा चिवटपणा खरोखर थक्क करणारा आहे. आखातात समुद्रगायीची नोंद आहे, पण ती अतिशय दुर्मीळ. डॉल्फिन तसेच हिरवी व ऑलिव्ह रिडले कासवेही येथे आढळतात.

किनाऱ्यावर आणि बेटांवर कांदळवन आहे. त्यात मुख्यतः तिवर. गुजरातीत त्याला चेर म्हणतात. आखाताच्या काठचे खराई उंट खाडी पोहून जातात आणि हाच पाला खातात. हिवाळ्यात चिखलाच्या पट्ट्यांवर रोहित (फ्लेमिंगो) आणि पाणथळीचे स्थलांतरित पक्षी उतरतात. खेकड्यांवर जगणारा काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हर पाहण्यासाठी पक्षिनिरीक्षक मुद्दाम येथवर येतात. जामनगरजवळचे खिजडिया पक्षी अभयारण्य 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

पर्यटकांसाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे वाडीनारजवळचे नरारा. तेथे बोटीची गरज पडत नाही. पिरोटनला जायला मात्र बोट आणि भरतीचे गणित दोन्ही जुळावे लागते. वनविभागाची परवानगी आवश्यक असून पिरोटनचा प्रवेश खुला आहे का, ते आधी विचारून घ्यावे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. तारीख ठरवताना आधी तिथी पाहावी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे हटते, तर अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीत, फारसे नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाणी परत फिरले की ते सपाट पठारावर झपाट्याने चढते, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय आत जाऊ नये.

पायी पोहोचता येते, हेच या प्रवाळांच्या जिवावरही बेतू शकते. एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला वर्षे लागतात. म्हणून वाळूवर किंवा उघड्या खडकावर पाय ठेवावा, उलटवलेला दगड होता तसा ठेवावा. पफर मासा हातात घेऊन फुगवून दाखवण्याचा प्रकार बंद व्हायला हवा: पाण्याबाहेर त्याच्या पोटात हवा भरते, ती बाहेर टाकणे त्याला अवघड जाते आणि तो मरू शकतो. प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे मेलेला तुकडाही उचलून नेता येत नाही.

एकेकाळी सिमेंटसाठी येथली प्रवाळांची वाळू उपसली जात असे. 1978 पासून वाडीनारजवळ समुद्रात कच्चे तेल उतरवले जाते. किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने, बंदरे आणि मिठागरे आहेत. गाळ वाढला की प्रवाळांवर थर बसतो, प्रकाश अडतो. पाणी तापले की त्यांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल निघून जाते आणि ते पांढरे पडतात. महाराष्ट्रातील मालवणच्या सागरी अभयारण्यातही (1987) प्रवाळ आहेत, पण ते पाहायला बहुधा पाण्यात उतरावे लागते.