जुन्या यंत्रांचा नाद आणि सोलापूरची चादर

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, पण जीव रमतो तो व्हॉल्व्हच्या रेडिओत आणि कॅसेटवरून चालणाऱ्या संगणकांत. हा नाद कुठून लागला, याचं उत्तर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. मागाच्या डोक्यावरचं जॅकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, आणि त्यावरून खडखडत फिरणारी पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ बघत जो वाढला, त्यानं संगणकाआधीच प्रोग्राम चालताना पाहिलेला असतो.

चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते आणि त्याबरहुकूम कार्डांना भोकं पडतात. कार्ड समोर आलं की सुया त्यावर टेकतात. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर राहतो आणि त्याचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे रेटतो आणि धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो, पुढचं कार्ड येतं. माळ फिरून पहिल्या कार्डावर आली की तोच मोर पुन्हा विणायला लागतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लूप म्हणतो.

जोसेफ मारी जॅकार्डनं फ्रान्समधल्या लिआँ शहरात हे यंत्र १८०४ च्या सुमारास उभं केलं. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिन या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं. बॅबेजकडे खुद्द जॅकार्डचं, रेशमात विणलेलं व्यक्तिचित्र होतं. त्या एका चित्राला सुमारे २४,००० कार्डं लागली होती! १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथची यंत्रं कार्डांवरची भोकं मोजत होती. त्याची कंपनी ज्या समूहात विलीन झाली, तोच १९२४ मध्ये आयबीएम झाला. आयबीएमनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड आणलं, एका रकान्यात एक अक्षर. पडद्यावर ८० अक्षरांची ओळ आली ती तिथूनच, आणि कोडची ओळ ८० अक्षरांत बसवण्याची शिस्त अनेक जण आजही पाळतात.

आपल्याकडे १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पोचले. त्यांतल्या मॉडेल बी ची मेमरी अवघी ३२ केबी, आणि प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर. प्रोग्राममधले शून्य आणि एक तिथे आवाज होऊन बसत: शून्यासाठी १२०० हर्ट्‌झचं एक आवर्तन, एकासाठी २४०० हर्ट्‌झची दोन. टेप लावली की प्रोग्राम कानांनी ऐकू येतो. मला ही यंत्रं आवडतात ती यासाठीच: त्यांचं काम बघता येतं, ऐकता येतं, पेचकस घेऊन उघडता येतं. एवढं मात्र सांभाळा, की वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट विजेला जोडू नका. या मायक्रोच्या वीजपुरवठ्यातले जुने कपॅसिटर तडकलेले असतात आणि हमखास धूर काढतात.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण तिची नक्षी ज्या कार्डांत साठवली होती, ती जपण्याजोगी आहेत असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पुठ्ठा लागत नाही, मग माळा भंगारात जातात. कुणाच्या माळ्यावर अशी माळ पडली असेल, तर देऊन टाकण्याआधी एकेक कार्ड उजेडासमोर धरून त्याचा फोटो काढा. फोटोंवरून नक्षी पुन्हा उभी करणारा प्रोग्राम लिहिणं अवघड नाही. फक्त फोटो होईपर्यंत दोरी कापू नका. कार्डांचा क्रम त्या दोरीतच असतो.