लाल ठिपका नसलेली विमानं : बर्मा फ्रंटवरच्या फायटर्सची ओळख इतकी अवघड का झाली

1940 च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर उडलेलं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान घेतलं तर त्याचा सीरियल नंबर, स्क्वाड्रन, कोणत्या दिवशी कोणी उडवलं, कुठे पडलं हे बहुतेक वेळा सापडतं, कारण त्यावर लोकांनी आयुष्य घातलंय. तेच विमान बोटीत चढून भारतात आलं की माग एकदम पातळ होतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढलेल्या बर्मा फ्रंटवरच्या फायटर्सबद्दल, म्हणजे लढाऊ विमानांबद्दल, जे काही वाद होतात, रंगांचे, चिन्हांचे, नंबरांचे, त्यांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा मागचं सांगतो.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. 1914 मध्ये ब्रिटिशांनी पंखांवर चक्क युनियन जॅक रंगवला होता, लांबून त्यातला क्रॉसच दिसायचा आणि जर्मन क्रॉस समजून खालचे आपलेच सैनिक गोळ्या मारायचे. मग फ्रेंचांचा गोल, म्हणजे राउंडेल, घेतला आणि रंगांचा क्रम उलटा केला, म्हणजे लाल मध्ये, निळा बाहेर. 1938 मध्ये म्युनिकच्या तणावानंतर धडावर स्क्वाड्रनची दोन अक्षरं आणि विमानाचं एक अक्षर आलं. 6 सप्टेंबर 1939 ला इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर्सनी आपलीच हरिकेन ही लढाऊ विमानं पाडली, एक वैमानिक गेला, युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. त्यामुळे चिन्ह म्हणजे सजावट नव्हे, चिन्ह चुकलं की माणूस मरतो, हे पहिल्या आठवड्यातच कळलेलं होतं.

आता खरा विषय. जपानी विमानांवर लाल गोळा, ब्रिटिश राउंडेलच्या मध्येही लाल गोळा. सेकंदाच्या काही भागात ट्रिगर दाबायचा की नाही हे ठरवणाऱ्याला बाहेरची निळी कड दिसत नाही, मधला लाल दिसतो. अमेरिकेने मे 1942 मध्येच आपल्या चांदणीतला लाल ठिपका काढून टाकला, 1943 च्या जूनमध्ये चिन्हाभोवती लाल किनार लावून बघितली आणि काही महिन्यांत तीही काढून निळी केली. ऑस्ट्रेलियानेही लाल घालवून पांढरा-निळा गोल घेतला. भारतातल्या विमानांवर मात्र हे टप्प्याटप्प्याने आणि विस्कळीतपणे झालं, कुठे लाल ठिपक्यावर नुसता पांढरा मारला, कुठे तसाच राहिला, आणि शेवटी लहानसा दोन निळ्यांचा गोल आला, बाहेर गडद निळा, आत फिकट, लढाऊ विमानांवर साधारण 16 इंच व्यासाचा. 1943 च्या शेवटी आग्नेय आशियाची वेगळी कमांड झाली म्हणून या गोलाला त्या कमांडचंच नाव चिकटलं, पण लाल काढायला सुरुवात त्याआधीच झाली होती, हे विसरलं जातं आणि मग 1943 च्या फोटोंना सरसकट 1944 ची तारीख लावली जाते.

या आतल्या फिकट रंगावरूनच सगळ्यात मोठा घोळ आहे. त्याला ‘इंडिया व्हाइट’ म्हणतात. चार भाग पांढरा, एक भाग राउंडेलचा निळा, हे प्रमाण जिकडेतिकडे दिलेलं असतं. आता नावात व्हाइट आहे म्हणून एक गट म्हणतो की तो पांढराच, दुसरा म्हणतो की एक भाग निळा पडला की तो स्वच्छ फिकट निळा होतो, पांढरा म्हणायचं कारणच नाही. आणि हा वाद फोटो बघून मिटत नाही, कारण त्या काळातली बरीचशी फिल्म काळी-पांढरी, त्यात ऑर्थोक्रोमॅटिक असली तर तिला लाल दिसतच नाही, लाल आणि पिवळा काळपट येतात आणि निळा फिका पडतो. म्हणजे फिकट निळा त्या फिल्मवर पांढराच दिसणार! पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणारी फिल्म असेल तर फरक थोडा कळतो, पण फोटोच्या मागे कोणी फिल्मचं नाव लिहून ठेवलेलं नसतं. त्यात भर म्हणजे मूळ लाल-पांढऱ्या-निळ्या गोलाचा लाल ठिपका पांढऱ्याने झाकलेली विमानंही त्याच काळात, त्याच धावपट्ट्यांवर उभी होती. एकाच रांगेत खरोखर पांढरं आणि निळसर असं दोन्ही असू शकतं.

माझं मत सरळ आहे, प्रमाण लिहिलेलं असलं तरी प्रत्येक विमानतळावर ते मोजूनमापून मिसळलं जात होतं असं समजणं म्हणजे त्या परिस्थितीची कल्पना नसणं. रंग मिळायचा तो दूरवरच्या डेपोतून, ऊन असं की काही आठवड्यांत रंगाची पावडर होते, नंतर पावसाळा. दोन विमानांच्या गोलांतला निळा सारखा नसणं हेच स्वाभाविक आहे. म्हणून ‘इंडिया व्हाइट’ची एकच खरी शेड शोधत बसण्यापेक्षा ठरावीक विमानाचा, ठरावीक महिन्याचा फोटो घेऊन बोलावं. मॉडेल बनवणाऱ्यांना हे पटत नाही कारण त्यांना डबीवर नंबर लागतो, ते समजू शकतो, पण मग ते सोयीसाठी केलं असं म्हणावं, पुरावा म्हणू नये.

वरच्या बाजूच्या कॅमफ्लाजचंही, म्हणजे विमान लपवणाऱ्या रंगांचंही, असंच. गडद हिरवा सगळ्यांना मान्य आहे, पण सोबत तपकिरी की राखाडी? मार्क 8 म्हणजे आठव्या आवृत्तीची स्पिटफायर्स कारखान्यातून हिरवा-राखाडी अशी आली, जुनी हरिकेन हिरवी-तपकिरी. काळ्या-पांढऱ्या फोटोत हा तपकिरी आणि हा राखाडी जवळजवळ एकाच टोनचे दिसतात. पुढे 1945 मध्ये पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आले, उघड्या धातूच्या विमानांवर गडद पट्टे, आणि निदान तारीख लावायला तरी एक आधार मिळाला.

आता कागदपत्रांचं. ब्रिटिश विमानाचा कणा म्हणजे सीरियल नंबर. स्पिटफायरचं पहिलं प्रोटोटाइप के 5054, मार्च 1936 मध्ये उडलं, पुढे 1940 पासून दोन अक्षरं आणि तीन आकडे. मध्ये मुद्दाम नंबरांचे गट मोकळे सोडले, शत्रूला उत्पादनाचा अंदाज येऊ नये म्हणून, आणि आजही कोणीतरी त्या मोकळ्या जागेतल्या नंबरचं विमान ‘शोधून’ काढतं, जे कधी बनलंच नव्हतं. प्रत्येक विमानाचं एक कार्ड असायचं, फॉर्म 78, त्यावर कोणत्या युनिटकडून कोणत्या युनिटकडे गेलं ते. इंग्लंडमध्ये असेपर्यंत हे कार्ड छान भरलेलं असतं. बोटीवर चढलं की पुढे ‘इंडिया’ एवढंच, आणि मग एकदम रद्द केल्याची तारीख. मधली दोन वर्षं, म्हणजे ज्या काळात ते विमान खरं लढलं, ती कोरी.

ती जागा भरायची तर स्क्वाड्रनच्या रोजनिशीकडे जावं लागतं, फॉर्म 540 मध्ये दिवसाचा सारांश, 541 मध्ये कोण कोणतं विमान घेऊन कधी उडालं. लंडनच्या क्यू भागातल्या सरकारी दफ्तरात या रोजनिश्या आहेत. पण लिहिणारा कोण? पावसात गळणाऱ्या तंबूत बसलेला कारकून. काही जण पूर्ण सीरियल लिहितात, काही नुसते शेवटचे आकडे, काही फक्त विमानाचं अक्षर आणि काही काहीच नाही. वैमानिकाच्या लॉगबुकमध्येही बऱ्याचदा नुसतं ‘जे’ किंवा ‘के’. आणि विमान पडलं की तेच अक्षर बदली विमानाला मिळायचं, त्यामुळे जानेवारीतलं ‘के’ आणि एप्रिलमधलं ‘के’ वेगवेगळी विमानं असू शकतात. खूप गल्लत इथूनच सुरू होते.

भारतीय स्क्वाड्रन्सच्या बाबतीत हे दुप्पट जड आहे. त्यांच्या हरिकेनवर बऱ्याचदा दोन अक्षरांचा स्क्वाड्रन कोड नसायचाच, फक्त एक अक्षर. इम्फाळच्या वेढ्यात, 1944 मध्ये, 1 नंबरच्या भारतीय स्क्वाड्रनने शत्रूच्या डोक्यावरून टेहळणी करून माहिती आणली, त्या कामाचं कौतुक होतं, पण त्यातली नेमकी विमानं कोणती हे विचारलं की हातात एखादं अक्षर आणि पुसटसा सीरियल. 8 नंबरचं भारतीय स्क्वाड्रन 1944 मध्ये स्पिटफायरवर आलं, त्याच्याही फोटोंचं तेच. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या एका फोटोवर जेवढी चर्चा झालीय त्याच्या दहाव्या हिश्शाएवढीही यांच्यावर झालेली नाही, आणि हे मला खरंच खुपतं.

गंमत म्हणजे भारतीय नावं ब्रिटिश स्क्वाड्रन्सवर भरपूर आहेत. पाच हजार पौंड दिले की एका स्पिटफायरची किंमत भरली असं धरायचे, संस्थानं आणि शहरं वर्गणी पाठवायची. 124 बडोदा, 152 हैदराबाद, 132 सिटी ऑफ बॉम्बे. बडोद्याचं स्क्वाड्रन इकडे कधी आलंच नाही. मुंबईच्या नावाचं, कोड एफएफ, नॉर्मंडीवर उडालं, 1945 च्या सुरुवातीला सिलोनला आलं आणि युद्ध संपल्यावर हाँगकाँगला गेलं. हैदराबादचं, कोड यूएम, बर्मात पूर्ण लढलं आणि त्यांच्या स्पिटफायर्सच्या धडावर उडी मारणारा काळा बिबट्या होता, तोही गोलावरूनच. देणगीच्या विमानावर नाव लिहायचे, पण ते विमान गेलं की नाव दुसऱ्यावर जायचं, त्यामुळे नावावरून विमान शोधायला जाऊ नये, आधी सीरियल बघावा.

1947 नंतरचा भाग तर आपलाच आहे आणि तिथेच साखळी पुन्हा तुटते. भारतीय हवाई दलात आलेल्या स्पिटफायर्सना एचएस मालिकेतले नवे नंबर मिळाले, टेम्पेस्ट या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानांना एचए. लढाई संपलेली काही विमानं शाळांमध्ये जमिनीवर शिकवायला ठेवली, त्यांना टी मालिकेतला तिसराच नंबर. म्हणजे एकाच धडाच्या तीन ओळखी, आणि मधल्या काळात पंख एकाचे, शेपूट दुसऱ्याची. 1970 च्या दशकाच्या शेवटी इथून बरीच स्पिटफायर्स परदेशी संग्राहकांनी नेली, तेव्हा रंगाचे थर खरवडून आणि पत्र्यावरची ओळखपट्टी वाचून कोणतं कोणतं ते ठरवावं लागलं.

एमव्ही 293 हे मार्क 14 स्पिटफायर घ्या. युद्ध संपता संपता भारतात आलं, लढाई बघितली नाही, पुढे बंगळुरूजवळ जलाहळ्ळीला टी 20 म्हणून विद्यार्थ्यांना इंजिन उघडून दाखवायच्या कामाला लागलं, 1978 मध्ये इंग्लंडला परत गेलं आणि तिथे दुरुस्त होऊन उडालं. मग त्याला एका नामांकित ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाचा रंग दिला, आद्याक्षरं जेई-जे आणि नंबर एमव्ही 268. एअर शोला आलेल्या लोकांनी हजारो फोटो काढले आणि आता ते फोटो दुसऱ्याच विमानाच्या नावाने फिरतात. मालकाला हवा तो रंग देण्याचा हक्क आहे, त्यावर माझं म्हणणं नाही, पण ज्या विमानाची तीस वर्षं भारतात गेली त्याच्यावर भारतीय चक्र कधीतरी रंगवावं एवढं तरी वाटतंच.

सध्या जे नवं हाती लागतंय ते दफ्तरांतून कमी आणि घराघरांतल्या लॉगबुकांतून जास्त. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांचं 1943 ते 1950 मधलं असं एखादं असेल, तर स्कॅन करताना नुसतं नावाचं पान आणि मेडलचा फोटो घेऊन थांबू नका, विमानाचा प्रकार आणि नंबर लिहिलेला डावीकडचा रकाना पूर्ण घ्या, सगळ्या पानांचा, कारण फॉर्म 78 वरची कोरी दोन वर्षं भरण्याचा बऱ्याचदा तेवढाच मार्ग उरलाय.