५५ अंश सेल्सिअस आणि सीरममधले दोन पदार्थ

ताज्या रक्तात अँथ्रॅक्सचे जंतू सोडले तर त्यातले बरेच मरतात. तेच रक्त आधी ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, तर मरत नाहीत. जॉर्ज नटॉल यांनी १८८८मध्ये हे दाखवलं. रक्तपेशी काढून टाकल्या तरी उरलेल्या सीरममध्ये ही ताकद असते, हे पुढच्याच वर्षी हान्स बुखनर यांनी सांगितलं. जंतू मारणारा हा पदार्थ कोणालाच वेगळा काढून दाखवता येत नव्हता. त्याची ओळख पटायची ती फक्त तो काय करतो आणि कधी करेनासा होतो यावरून.

डिसेंबर १८९०मध्ये बर्लिनहून एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वातावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी जंतूंऐवजी विषाकडे लक्ष दिलं, आणि मापं इतकी काटेकोर ठेवली की शंकेला जागा उरली नाही. त्यांच्याकडचं धनुर्वाताचं विष इतकं जहाल होतं, की ०.०००१ मिली दिलं तरी उंदीर दोन दिवसांच्या आत मरत असे. धनुर्वाताला प्रतिकारक्षम केलेल्या सशाचं ५ मिली सीरम त्यांनी १ मिली विषात मिसळलं, २४ तास ठेवलं आणि चार उंदरांना प्रत्येकी ०.२ मिली मिश्रण टोचलं. म्हणजे प्रत्येकाच्या अंगात ०.०३३ मिली विष गेलं, मारक मात्रेच्या तीनशे पटींहून जास्त. चारही उंदीर ठणठणीत राहिले. साध्या सशाच्या सीरमने मात्र उंदीर वाचत नव्हते, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगाचं वजन या तुलनेवरच आहे. ती नसती तर कोणतंही सीरम विष मारतं, असाही अर्थ निघाला असता.

मग रिचर्ड फायफर यांनी १८९४मध्ये एक कोडं समोर ठेवलं. पटकीच्या (कॉलराच्या) जंतूंविरुद्धचं सीरम गिनीपिगच्या पोटात जंतूंसह टोचलं की जंतू फुगून विरघळत. पण तेच सीरम तापवलेलं किंवा शिळं असेल, तर काचेच्या नळीत ते जंतूंना मारत नसे. पोटात टोचलं की पुन्हा काम करी! त्यावरून फायफर यांना वाटलं, की यासाठी जिवंत शरीरच लागतं.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या जूल बोर्दे या तरुण बेल्जियन डॉक्टरने १८९५मध्ये हे कोडं नळीतच सोडवलं. प्रतिकारक्षम प्राण्याचं सीरम ५५ अंशांवर तापवलं: जंतू जिवंत. लस न दिलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम एकटं घातलं: जंतूंवर फारसा परिणाम नाही. दोन्ही एकत्र केली: जंतू विरघळले. म्हणजे पदार्थ दोन होते. एक लस दिल्यावर तयार होतो, विशिष्ट जंतूलाच चिकटतो आणि या तापमानाला टिकतो. त्याला आपण आज प्रतिपिंड म्हणतो. दुसरा सगळ्यांच्याच ताज्या सीरममध्ये असतो, पण उष्णतेने आणि शिळेपणाने जातो. तो म्हणजे पूरक, आजच्या भाषेत कॉम्प्लिमेंट. गिनीपिगचं पोट हा दुसरा पदार्थ पुरवत होतं, इतकंच. धनुर्वाताच्या प्रतिविषाला, म्हणजे बेरिंग-कितासातो यांच्या सशाच्या सीरममधल्या प्रतिपिंडाला, मात्र त्याची गरज नसते, कारण विषाला चिकटून ते निष्प्रभ करणं प्रतिपिंडाला एकट्याने जमतं.

प्रयोगशाळांमध्ये आजही सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवून पूरक नष्ट करतात. इथे हमखास होणाऱ्या चुका तीन. सीरमची नळी गरम पाण्यात ठेवल्याक्षणी वेळ मोजायला सुरुवात करणं. खरं तर आतलं सीरम ५६ अंशांवर पोचल्यापासून मोजायचं. नळीबाहेरच्या पाण्याची पातळी सीरमपेक्षा खाली ठेवणं. मग वरचा भाग कमी तापतो. आणि पारा ६०च्या पुढे जाऊ देणं. त्याने प्रतिपिंडांनाही धक्का बसतो आणि सीरम घट्ट होऊ लागतं. उलट पूरकच हवं असेल तर सीरम लगेच वेगळं करून उणे ७० अंशांच्या आसपास गोठवावं लागतं.

पूरक मोजून वापरता येतं, हे कळल्यावर त्याचा उपयोग रोगनिदानातही झाला. बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०१मध्ये दाखवलं, की प्रतिपिंड आणि जंतू यांची जोडी पूरक वापरून टाकते. ऑगस्ट फॉन वासरमान यांची १९०६ची सिफिलिसची चाचणी यावरच उभी राहिली. रुग्णाचं सीरम, सिफिलिसग्रस्त गर्भाच्या यकृताचा अर्क आणि मोजकं पूरक एकत्र ठेवायचं. नंतर प्रतिपिंड चिकटवलेल्या मेंढीच्या लाल पेशी घालायच्या. पूरक उरलं असेल तर पेशी फुटून द्रव पारदर्शक लाल होतो, म्हणजे चाचणी नकारात्मक. पेशी अखंड राहून तळाशी बसल्या, तर सकारात्मक. रुग्णाचं सीरम आधी नीट तापवलं नसेल, तर त्यातलं स्वतःचं पूरक शिल्लक राहतं, पेशी फोडतं आणि आजारी माणसाचा अहवाल निरोगी म्हणून येतो.