टॅपिंगने भीती का ओसरते?

भुवई, गाल, हनुवटीवर बोटांनी टकटक करा आणि ताण घालवा, असे व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतात. मेरिडियनमध्ये, म्हणजे चिनी वैद्यकाने कल्पिलेल्या शरीरातल्या ऊर्जेच्या वाटांमध्ये, अडकलेली ऊर्जा मोकळी होते, असं त्यात सांगतात. अशी ऊर्जा आजवर कुणीही मोजलेली नाही. तरीही पुष्कळांना टॅपिंगने बरं वाटतं आणि ते खरंच वाटतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांची पद्धत सोपी करून गॅरी क्रेग यांनी १९९०च्या दशकात ही रीत मांडली. समजा, इंजेक्शनची भीती आहे. सुई डोळ्यांसमोर आणा आणि भीतीला ० ते १० मध्ये आकडा द्या. तळहाताची करंगळीकडची कड दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकत तीनदा म्हणा, ‘सुई दिसली की छातीत धडधडतं, तरी मी आहे तसा स्वतःला स्वीकारतो.’ मग भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, हनुवटीची खाच, गळपट्टीच्या हाडाखाली, काखेखाली चार बोटं आणि शेवटी डोक्याची टाळू, असं प्रत्येक जागी पाच-सात वेळा हलकेच ठोका. तोंडाने ‘ही सुईची भीती’ चालू ठेवा. फेरी संपली की पुन्हा आकडा द्या.

वेट आणि होल्डर या संशोधकांनी २००३ मध्ये ११९ विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटाने ठरलेल्या बिंदूंवर टॅपिंग केलं, दुसऱ्याने भलत्याच जागी, तिसऱ्याने चक्क बाहुलीवर. चौथा गट कागदाचं खेळणं करत बसला. पहिल्या तिन्ही गटांची भीती सारखीच उतरली, चौथ्याची नाही. म्हणजे ठरलेल्या बिंदूंची गरजच नव्हती.

मग काम कशाने होतं? याचं सगळ्यात पटणारं उत्तर भीतीच्या ‘विलोपना’त, म्हणजे संकट न येता भीतीला पुन्हा पुन्हा सामोरं गेल्याने ती ओसरण्यात, आहे. सुई आठवली की अमिग्डाला हा मेंदूतला भीतीची सूचना देणारा भाग पेटतो. त्याच्या मध्यवर्ती केंद्रकातून हायपोथॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या शरीराचे व्यवहार सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांकडे संदेश जातात, म्हणून हृदय धडधडतं आणि तळवे घामेजतात. आपण मात्र खुर्चीत सुखरूप असतो आणि अपेक्षित संकट येतच नाही. अंदाज आणि अनुभव यांतल्या या तफावतीतून नवी, सुरक्षिततेची स्मृती तयार होते. पुढे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा (कपाळामागच्या मेंदूचा) आतला-खालचा भाग अमिग्डालातल्या इंटरकॅलेटेड नावाच्या, संदेश रोखणाऱ्या पेशींना चेतवतो आणि त्या मध्यवर्ती केंद्रकाला आवर घालतात. जुनी स्मृती पुसली जात नाही, ती फक्त दाबून धरलेली असते. म्हणूनच घरी ओसरलेली भीती दवाखान्यात पुन्हा उसळते. टकटक आणि वाक्य बहुधा लक्ष वाटून घेतात, त्यामुळे मनातलं चित्र सोसवेल इतकं फिकं होतं.

चुका कुठे होतात, हे यावरून कळतं. ‘मला टेन्शन आहे’ एवढंच मोघम म्हटलं तर नेमकी भीती जागीच होत नाही. हात चालू आणि मन बाजारात असेल तरी तेच. उलट आकडा ९-१० वर गेला तर आधी पाय जमिनीवर टेकवून श्वास शांत होऊ द्या, मग त्याच भीतीचा छोटा तुकडा घ्या. अत्याचार किंवा अपघाताच्या आठवणींवर मात्र एकट्याने टॅपिंग करू नका, मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. टॅपिंगने पैसा येतो किंवा मधुमेह बरा होतो म्हणणाऱ्यांकडे मात्र वळूनही पाहू नका.

आकडा २-३ वर आला की फेऱ्या वाढवत बसू नका. वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी करून पाहा आणि मग राहिलेली रक्ततपासणी उरकून घ्या.