मर रोगाच्या जिवाणूचे प्रथिन, एक कडे आणि थोडे जस्त

कोकणात वांगी, टोमॅटो, मिरची लावणाऱ्याला मर रोगाची ओळख करून द्यावी लागत नाही. हिरवेगार झाड भर दुपारी मान टाकते आणि थोड्याच दिवसांत उभ्याउभ्या वाळते. खोडाचा तुकडा पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरला की कापातून दुधट धागे खाली ओघळतात. हाच तो राल्स्टोनिया सोलॅनसीरम जिवाणू. याच्या एका लेक्टिनची, म्हणजे साखर धरणाऱ्या प्रथिनाची, रचना 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. 90 अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या, वजन सुमारे 29 किलोडाल्टन, साखरेसाठी सहा खोबणी. हे प्रथिन आटोपशीर आणि चिवट असल्याने प्रथिनांची जोडणी, म्हणजे अनेक प्रथिने ठरावीक मांडणीत बांधून स्फटिक करणे, शिकायला फार सोयीचे आहे. प्रयोगासाठी ते ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवतात, रोगट झाड लागत नाही.

जोडणीतली खरी अडचण अशी, की प्रथिनाचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि कुठल्या बाजूने चिकटायचे हे आपल्याला ठरवायचे असते. एक उपाय वलयी रेणूचा. कुकुरबिट[7]युरिल हे सात घटकांचे कडे मासळीच्या पाटीखालच्या चुंबळीसारखे मधून पोकळ असते. त्याच्या दोन्ही तोंडांशी ऑक्सिजनची रांग असते, त्यामुळे धनभारित टोक तिथे रमते. लेक्टिनमधल्या लायसीन या धनभारित अमिनो आम्लावर दोन मिथाइल गट चढवले की कडे त्यावर घट्ट बसते. सगळ्या लायसीनवर मात्र नाही. शेजारी अडचण असेल तिथे ते शिरतच नाही. नेमकेपणा मिळतो तो या नकारातूनच.

दुसरा उपाय जस्ताचा. रसायनशास्त्रज्ञ अकिफ तेझकान यांच्या गटाने 2007 मध्ये एकेकट्या राहणाऱ्या सायटोक्रोम नावाच्या एका प्रथिनावर हिस्टिडीन या जस्त धरणाऱ्या अमिनो आम्लाच्या जोड्या बसवल्या. चार जस्त आयनांनी अशी चार प्रथिने एकत्र बांधली. जस्त सहज जोडते, सहज सुटते, म्हणून चुकीची जोड मोडून बरोबर जोड बसायला वाव राहतो. पण ते निवडक नाही. समोर हिस्टिडीन येईल तिथे बसते, शुद्धीकरणासाठी लावलेल्या सहा हिस्टिडीनच्या शेपटीवरसुद्धा. ती शेपटी आधी काढलेली बरी.

कडे आणि जस्त दोन्ही वापरून लेक्टिनचे स्फटिक मिळवण्याचा प्रयोग छोटा असतो. लेक्टिन 10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर घेतले तर साखळ्यांची संहती सुमारे 1 मिलिमोलर येते. काचेच्या झाकणपट्टीवर त्याचा 1 मायक्रोलिटर, त्यात तेवढेच खालच्या टाकीतले द्रावण. टाकीत 500 मायक्रोलिटर, पट्टी तिच्यावर उलटी ठेवून कड ग्रीसने बंद. जस्त 0.5, 1, 2 आणि 5 मिलिमोलर असे चढते ठेवावे. एकदम जास्त घातले तर स्फटिकाऐवजी दह्यासारखा साका मिळतो. पीएच 6 च्या खाली हिस्टिडीन प्रोटॉन धरून बसते आणि जस्ताला दाद देत नाही. 8 च्या आसपास जस्त हायड्रॉक्साइड होऊन द्रावण गढूळते. 7 च्या जवळ राहावे. पीएच स्थिर ठेवणारा बफर फॉस्फेटचा नको, झिंक फॉस्फेट खाली बसते. आधीच्या पायरीतला ईडीटीए उरला असेल तर तो जस्त गिळतो आणि काहीच घडत नाही.

पावसाळ्यात रत्नागिरी-दापोलीकडे झिंक क्लोराइड वजन करण्याच्या फंदात पडू नये. काट्यावरच पाणी धरते. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट 2.88 ग्रॅम घेऊन 100 मिलिलिटर करावे, 100 मिलिमोलर साठा तयार. विकतच्या कुकुरबिट[7]युरिलच्या भुकटीतही पाणी असते, म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नये. सोडियमचे क्षार जास्त झाले तर तेच कड्याच्या तोंडाशी बसून लायसीनची जागा अडवतात.

सोबत तीन साधे थेंब हवेतच: जस्ताविना, कड्याविना, दोन्हींविना. मग स्फटिक आले की तपासणी. ईडीटीएने ते विरघळले तर बांधणीत जस्ताचा हात असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅडमँटिलअमीन घालून कड्याचीही तशीच परीक्षा घ्यावी. ते कड्याला लायसीनपेक्षा फार घट्ट धरते आणि लायसीनला हुसकते. आणि शेवटी सुईने टोचून पाहावे: प्रथिनाचा स्फटिक भुसभुशीत मोडतो, मिठाचा कट्कन वाजतो.