गृह आरोग्यसेवा

रुग्णाला रुग्णालयात न ठेवता राहत्या घरी वैद्यकीय उपचार, शुश्रूषा व पुनर्वसन पुरवण्याची व्यवस्था. शस्त्रक्रियेनंतर सावरणारे, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, जुनाट हृदय-फुप्फुसविकाराचे आणि आजाराच्या अखेरच्या टप्प्यातले रुग्ण ही सेवा प्रामुख्याने घेतात.

घरच्या आजाऱ्याची सेवा पूर्वापार चालत आली आहे; प्रशिक्षित परिचारिकेने घरोघरी जाण्याची संघटित पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकातली. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी पत्नीच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन ही परिचारिका नेमली होती. पत्नीच्या निधनानंतर, १८५९ मध्ये, त्यांनी तिलाच शहरातल्या गरीब रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये परिचारिका लिलियन वाल्ड यांनी १८९३ मध्ये असेच काम उभारले.

या सेवेत दोन वेगळी कामे येतात आणि घरच्यांची गल्लत बहुधा इथेच होते. शिरेतून औषध देणे, जखमेचे ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणे ही परिचारिकेची कामे. आंघोळ, भरवणे, उठवणे-बसवणे हे काळजीवाहकाचे काम. काळजीवाहक कितीही मायेचा असला तरी इंजेक्शन त्याच्यावर सोपवू नये. उलट, दिवसभर रुग्णाजवळ तोच असल्याने बदल आधी त्याच्याच लक्षात येतो. त्याचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोचायला हवे. फिजिओथेरपिस्ट ठरावीक वेळीच येतो, मधले व्यायाम घरच्यांनाच करून घ्यावे लागतात.

घरच्या शुश्रूषेची खरी कसोटी साध्या गोष्टींत लागते. स्वतः हालचाल न करता येणाऱ्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलली नाही, तर माकडहाड, टाच, नितंब अशा दाब पडणाऱ्या जागी शय्याव्रण (अंथरुणात पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात, आणि ते फार चिवट असतात, लवकर भरून येत नाहीत. नाकातल्या नळीतून अन्न देताना व नंतर काही वेळ डोक्याकडची बाजू उंच ठेवतात, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच टांगतात. वर उचलल्यास लघवी उलटी फिरून संसर्ग होऊ शकतो. ऑक्सिजन काँसंट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेल्यास वापरायला ऑक्सिजनचा सिलिंडर घरात तयार ठेवावा लागतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत धूम्रपान किंवा उघडी ज्योत चालत नाही.

श्वास अचानक वाढणे, शुद्ध हरपणे, थांबत नसलेला रक्तस्राव अशा वेळी घरी उपचार करत बसू नये, रुग्णालयच गाठावे. अपवाद अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाचा: त्याने घरीच राहायचे ठरवले असेल, तर वेदना व धाप कमी करण्याची औषधे आणि ती कोण, केव्हा देणार हे उपशामक सेवेच्या (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतात.